लिस्बन पायी बघायचं तर नदीपासून सुरुवात करा

लिस्बनला पहिल्यांदा गेलेली बहुतेक मंडळी सामान खोलीवर टाकून थेट २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामच्या रांगेत जाऊन उभी राहतात. मीही राहिलो होतो. रांगेत तासभर गेला, आत उभं राहायला जेमतेम जागा मिळाली आणि बाहेरचं शहर लोकांच्या खांद्यांआडून तुकड्यातुकड्यांनी दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची बाटली घेऊन पायी निघालो आणि संध्याकाळपर्यंत ते शहर ओळखीचं झालं. जुनं लिस्बन पायीच बघायचं. त्याला गाईड लागत नाही, फार खर्चही येत नाही. पण काय आधी बघायचं आणि काय नंतर, हे ठरवून निघावं लागतं. क्रम चुकला तर नुसती चढउतार होते. तो जमला तर एका ठिकाणी पाहिलेली गोष्ट पुढच्या ठिकाणी उपयोगी पडते.

मी वसईत वाढलो. किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये आम्ही लपाछपी खेळायचो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई ज्या पोर्तुगीजांकडून घेतली, त्यांची ही राजधानी. गोव्याचा, वसईचा, चौल-रेवदंड्याचा माणूस इथे पाहुणा असला तरी अगदी परका नसतो, आणि हे मी नुसतं भावनेच्या भरात म्हणत नाही. चालताना जागोजागी त्याचे पुरावे भेटतात. ते नजरेला पडावेत म्हणूनच ही वाट सांगतो आहे.

निघण्याआधी

पूर्ण दोन दिवस ठेवा. पहिला दिवस जुन्या शहराचा: नदीकाठचा चौक, सखल भाग, एक टेकडी, मग दुसरी टेकडी आणि उतरून पुन्हा नदी. अंतर चार-पाच किलोमीटरच, पण चढाचं. दुसरा दिवस बेलेमचा. बेलेम पश्चिमेला सहा किलोमीटरवर आहे. ते पहिल्याच दिवशी कोंबायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतील. बेलेमचा मठ आणि बुरूज सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार आला तर तो जुन्या शहराला द्या. जुन्या इमारतींची दुरुस्ती अधूनमधून चालू असते, तेव्हा काय उघडं आहे ते आदल्या रात्री त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या आणि मठाचं तिकीट तिथेच काढा.

चप्पल-बूट हा इथे सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या चौकोनी दगडांचे, मधूनमधून काळ्या दगडाची नक्षी. दिसायला देखणे, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की त्यांच्यावरून अक्षरशः घसरायला होतं आणि उतारावर ते कोरडेही फसवतात. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूटच घाला. लग्नातल्या चपला आणि कोल्हापुरी बॅगेतच राहू द्या.

एप्रिल ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा चालायला उत्तम काळ. जुलै-ऑगस्टमध्ये जायची वेळ आलीच तर सकाळी आठला बाहेर पडा. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटेच जाग येते. तिचा फायदा घ्या, रिकाम्या गल्ल्या तेव्हाच बघायला मिळतात. नळाचं पाणी प्यायला चालतं. मेट्रो, ट्राम, बस यांना एकच कार्ड लागतं, त्याचं नाव 'नावेगान्ते'. ते मेट्रो स्टेशनच्या यंत्रावर मिळतं. त्यात २४ तासांचं तिकीट भरता येतं, पण पहिल्या दिवशी त्याची गरजच पडणार नाही.

पहिला टप्पा: पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या

निळ्या मेट्रोच्या 'तेरैरो दो पासो' स्टेशनला उतरा आणि चौकातली सगळी आकर्षणं सोडून आधी नदीपाशी जा. दोन दगडी खांब पाण्यात उभे आहेत आणि त्यांच्यामधून घाटासारख्या पायऱ्या तेजो नदीत उतरतात. ती नदी म्हणजेच आपण शाळेच्या नकाशात वाचलेली टेगस. इथे ती इतकी रुंद आहे की पहिल्यांदा समुद्रच वाटतो. या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसा. राजेमहाराजे, परदेशी वकील याच काठावर उतरत. मलबारची मिरी आणि दालचिनी घेऊन आलेली जहाजंही याच काठाला लागत.

आता उठून नदीकडे पाठ करा. तीन बाजूंनी पिवळ्या कमानींच्या इमारती, मध्ये घोड्यावरचा राजा. नकाशावर या चौकाचं नाव 'प्रासा दो कोमेर्सियो', म्हणजे व्यापार चौक. गावातले लोक अजून जुनंच नाव घेतात: तेरैरो दो पासो, राजवाड्याचं अंगण. राजवाडा मात्र कुठेच दिसत नाही, आणि लिस्बन समजून घ्यायची सुरुवात इथूनच होते.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढची वेळ, चर्च माणसांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली. प्रचंड भूकंप झाला. पडणाऱ्या घरांपासून वाचायला लोक नदीकाठच्या या मोकळ्या जागेकडे धावले, आणि मग नदीचं पाणी आत ओढलं गेलं, ते उसळून काठावर आलं. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा, त्यातलं ग्रंथालय, काही महिन्यांपूर्वीच उघडलेलं ऑपेरागृह, आणि पूर्वेकडच्या व्यापाराचा सगळा कारभार जिथून चालायचा ते 'इंडिया हाउस', सगळं गेलं. घोड्यावरचा राजा पहिला जोसेफ त्यातून वाचला, पण पुढे त्याला दगडी छताखाली राहायची भीतीच बसली आणि दरबार कितीतरी वर्षं लाकडी बांधकामात राहिला. शहर पुन्हा उभं केलं त्याच्या मंत्र्याने, मार्किश द पोंबालने. राजाचा हा पुतळा १७७५ मधला आहे. चौथऱ्यावर पोंबालचाही चेहरा कोरलेला दिसेल.

इथून पुढे प्रत्येक इमारतीसमोर एकच प्रश्न विचारा: हे १७५५ च्या आधीचं की नंतरचं? एवढा प्रश्न मनात ठेवलात की लिस्बन आपोआप वाचता येतं.

दुसरा टप्पा: रेघा मारलेलं शहर

मोठ्या कमानीखालून रुआ औगुस्तावर या. कमानीवर उभ्या असलेल्या पुतळ्यांत एक वास्को द गामा आहे, एक पोंबाल. या सखल भागाचं नाव 'बाइशा'. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, इमारती सारख्या उंचीच्या. कारण उघड आहे: हे सगळं भूकंपानंतर कागदावर आखून बांधलं. रस्त्यांची नावं धंद्यांवरून ठेवली आहेत: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आपल्या जुन्या पेठांतल्या तांबट आळी, कासार आळीच म्हणा ना.

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट मला इथे जास्त महत्त्वाची वाटते. या इमारतींच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा आहे, फुल्या-फुल्यांचा, पिंजऱ्यासारखा. त्याचं नावच 'गायोला', पिंजरा. जमीन हलली की लाकूड लवतं आणि भिंत एकदम कोसळत नाही. नमुना उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला होता, असं सांगतात. अठराव्या शतकात एक अख्खी राजधानी भूकंपाचा विचार करून बांधली गेली. किल्लारी पाहिलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

बाकी या रस्त्यावर रेंगाळू नका. हातात मेन्यू घेऊन बोलावणारी हॉटेलं टाळा, कानाशी येऊन काहीबाही विकू पाहणाऱ्यांना मान हलवून नकार द्या, आणि सरळ चालत राहा.

तिसरा टप्पा: रोसियो आणि जळलेलं चर्च

दहा मिनिटांत रोसियो चौक येतो. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. उत्तरेला खांबांची पांढरी इमारत म्हणजे राष्ट्रीय नाट्यगृह. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या धार्मिक न्यायासनाचा वाडा होता. त्याच न्यायासनाचा कारभार १५६० मध्ये गोव्यात सुरू झाला आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालला. गोव्याच्या इतिहासात ज्या हुकमांबद्दल आपण वाचतो, त्यांचं मूळ पीठ इथे होतं.

नाट्यगृहाच्या उजवीकडून पुढे गेलात की साँ दोमिंगो चर्चचा छोटा चौक लागतो. तिथे १५०६ मध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंच्या आठवणीचा दगड आहे. त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास याच चर्चपासून कत्तल सुरू झाली आणि ती काही दिवस चालली.

चर्चमध्ये नक्की जा. बाहेरून ते साधं दिसतं, म्हणून बरेच लोक चुकवतात. आत पाऊल टाकलंत की थबकाल. १९५९ च्या आगीत ते आतून जळलं. दुरुस्ती केली, छत नवं घातलं, पण जळालेले खांब तसेच ठेवले: तडकलेले, उष्णतेने पापुद्रे सुटलेले, फिकट लालसर भिंतींमध्ये काळवंडलेले. त्याच खांबांमध्ये रोज प्रार्थना चालते. मी पूर्ण युरोपात पाहिलेल्या चर्चमध्ये मनावर एवढं राहिलेलं दुसरं नाही. सोन्याने मढवलेली बरीच पाहिली. ती एकमेकांत मिसळून गेली.

बाहेर आलात की कोपऱ्यावर जिंजिन्याचं चिमुकलं दुकान दिसेल. आंबट चेरीचं गोड मद्य, छोट्या पेल्यात, उभ्या उभ्या प्यायचं. घेणार असाल तर एकच घ्या, पुढे चढ आहे.

चौथा टप्पा: कार्मोची टेकडी

आता पश्चिमेकडे वर चढायचं. वाटेत सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट दिसेल, १९०२ ची, पंचेचाळीस मीटर उंच, जाळीदार नक्षीची. ती खालून बघा, फोटो काढा आणि रांगेत वेळ न घालवता रोसियो स्टेशनच्या बाजूच्या चढाने पायी वर जा. जाता जाता त्या स्टेशनची घोड्याच्या नालेच्या आकाराची जुळी दारं बघायला विसरू नका. सोबत आई-बाबा असतील, गुडघे दुखत असतील, तर बाइशा-शियादो मेट्रो स्टेशनात खालच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. गावातले लोकही हेच करतात.

वर कार्मोचा मठ. तो चौदाव्या शतकाच्या शेवटी नुनो आल्वारेस परेराने बांधायला घेतला. १७५५ मध्ये छत पडलं आणि ते पुन्हा घातलंच नाही. टोकदार कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत, खाली गवत. आत तिकीट आहे, जरूर काढा. मी त्या कमानींखाली उभा राहिलो आणि सरळ वसईच्या किल्ल्यात पोचलो. तेच छप्पर नसलेलं देऊळघर, तेच ऊन भिंतींवर सरकत जाणारं. फरक एवढाच, की इथली पडझड जपली आहे. पाटी आहे, पहारा आहे, एकेक दगड मोजून ठेवलेला आहे.

मठाबाहेरच्या चौकात झाडाखाली बाक आहेत, तिथे बसा. २५ एप्रिल १९७४ ला याच चौकातल्या पोलीस बराकीत पंतप्रधान मार्सेलो कायतानो अडकला होता, बाहेर कॅप्टन साल्गैरो माइयाचे सैनिक आणि हजारो लोक होते. संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही जवळजवळ रक्त न सांडता संपली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली, म्हणून ती कार्नेशन क्रांती. आपल्याशी याचा थेट संबंध आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण पोर्तुगालच्या हुकूमशाहीने ते मान्य केलं नव्हतं. क्रांतीनंतर, १९७४ च्या डिसेंबरात करार झाला तेव्हा कुठे पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. एका अर्थी गोव्याच्या कागदावरची शेवटची सही या चौकामुळे झाली.

पाचवा टप्पा: जेवण

शियादोतून उतरताना बर्त्रां नावाचं पुस्तकांचं दुकान लागेल, १७३२ पासून चालू असलेलं. पुढे ब्राझिलैरा कॅफेसमोर कवी फर्नांदो पेसोआ ब्राँझचा होऊन बसलेला आहे. शेजारच्या चौकात लुईश द कामोइंशचा पुतळा, पोर्तुगीजांचा महाकवी. तो काही वर्षं गोव्यात राहिला होता. इथे कॉफी प्यायची असेल तर 'बिका' मागा, म्हणजे छोट्या कपातली कडक कॉफी. काउंटरशी उभं राहून प्यायलात तर स्वस्त पडते.

जेवायला मोठा रस्ता सोडून दोन गल्ल्या आत जा. टेबलावर बसताच पाव, ऑलिव्ह, चीज न मागता आणून ठेवतात. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत पाठवा; त्यात कोणाला राग येत नाही. शाकाहारी असाल तर 'सें कार्न, सें पैश' म्हणा: मांस नको, मासे नकोत. दोन्ही सांगावं लागतं, कारण नुसतं मांस नको म्हटलं की कॉड मासा पुढे येतो. 'काल्दो वेर्द' नावाचं हिरवं सूप पालेभाजीचं दिसतं, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. बेकरीच्या काचेमागे 'शामुसा' दिसेल, तो आपला समोसाच, गोव्याच्या आणि इतर वसाहतींच्या वाटेने इथे पोचलेला. आत बहुतेकदा खिमा असतो, विचारून घ्या.

भाषेची काळजी करू नका. पाटी वाचत चला: पाँव, बटाटा, शाव्ह, पागार, लैलाँव. पाव, बटाटा, चावी, पगार, लिलाव. काजू आणि अननसही याच जहाजांनी आपल्याकडे आले. 'धन्यवाद' म्हणताना पुरुषाने 'ओब्रिगादो' म्हणायचं आणि बाईने 'ओब्रिगादा'. 'करतो' आणि 'करते' यांत वाढलेल्या आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

सहावा टप्पा: दुसरी टेकडी

पुन्हा बाइशात उतरून पूर्वेला चढा. २८ नंबरच्या ट्रामचे रूळ धरून चाललात तरी चालेल. लोक ज्यासाठी रांगा लावतात ती सगळी वाट पायी अधिक चांगली दिसते. पहिलं येतं 'से', म्हणजे मुख्य कॅथेड्रल. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल आठवा, शब्द तोच. हे बाराव्या शतकातलं. ११४७ मध्ये अफोन्सो हेन्रिकेश राजाने मुसलमान सत्तेकडून शहर घेतल्यावर बांधायला घेतलेलं, जाड भिंतींचं, किल्ल्यासारखं. त्याच्या किंचित खाली संत अंतोनियोचं चर्च, त्याच्या जन्माच्या जागेवर. वसईत, मुंबईत, गोव्यात हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला नवस बोलतात तो हाच. त्याचा सण १३ जूनला; आदल्या रात्री अख्खी जुनी वस्ती सार्डिन भाजत रस्त्यावर असते.

चढ चढत सांता लुझियाच्या सज्जापाशी या. बोगनवेलीखालून नदी दिसते आणि सगळे तिकडेच बघत बसतात. तुम्ही मागे वळा. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची दोन चित्रं आहेत. एकात ११४७ चा किल्ल्यावरचा हल्ला आहे. दुसरं नीट बघा: नदीकाठचा चौक, जहाजं, आणि काठावर भला मोठा राजवाडा. सकाळी तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसला होतात तीच जागा, १७५५ च्या आधीची. सकाळी नुसती कल्पना केलेली इमारत इथे निळ्या रेषांत उभी आहे. तेरैरो दो पासो आधी आणि सांता लुझिया नंतर, हा क्रम मी याच भिंतीसाठी धरतो.

(टाइलला इथे 'अझुलेझो' म्हणतात, शब्द अरबीतून आलेला. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये घरांवर नावाच्या निळ्या पाट्या असतात, त्या याच घराण्यातल्या.)

किल्ला आणखी वर आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: दम उरला असेल तर जा, नसेल तर चुकल्याची खंत करू नका. आज दिसणाऱ्या तटबंदीचं बरंच काम विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारातलं आहे. तिथून दिसणारं दृश्य मात्र खरोखर मोठं आहे. चढ टाळायचा तर बाइशातल्या रुआ दोस फांकैरोसवरून एक सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून थोडं चालून दुसरी लिफ्ट किल्ल्याच्या पायथ्याशी नेते. वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी ही वाट लक्षात ठेवावी.

सातवा टप्पा: अल्फामा, नकाशा न उघडता

पोर्तास दो सोलच्या सज्जाशेजारच्या पायऱ्यांनी खाली उतरा आणि फोन खिशात ठेवा. अल्फामा ही जुनी वस्ती भूकंपातून बऱ्याच अंशी वाचली, म्हणून तिच्या गल्ल्या अजून अरब काळासारख्या वळणावळणाच्या आहेत. नावच अरबी, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं. इथे नकाशाचा उपयोग होत नाही. एकच नियम: पावसाचं पाणी जिकडे जाईल तिकडे उतरत राहा, नदी लागतेच. दोरीवर कपडे वाळत असतात, दारात म्हाताऱ्या बसलेल्या असतात. हे लोकांचं राहतं घर आहे, हे विसरू नका. दारात उभं राहून मोठ्याने बोलू नका, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. संध्याकाळी एखाद्या खोलीतून फादो, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकू येईल. गाणं सुरू असताना चमच्याचाही आवाज करायचा नसतो. दिवे मंद करतात आणि सगळे गप्प होतात.

मंगळवार किंवा शनिवार असेल तर अल्फामाच्या पूर्वेला 'फैरा दा लाद्रा' भरतो, शब्दशः चोरबाजार, मुंबईसारखाच. त्याच्या शेजारचा मोठा पांढरा घुमट म्हणजे सांता एंग्रासिया चर्च, आजचं राष्ट्रीय स्मारक. काम १६८२ ला सुरू झालं, पूर्ण झालं १९६६ ला. न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज लोक अजून 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात.

नदीकाठी उतरल्यावर 'कासा दोस बिकोस' शोधा. दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड, ओळखायला सोपं. १५२३ मधलं हे घर ब्रास द आल्बुकेर्केचं. त्याचा बाप अफोन्सो द आल्बुकेर्क, ज्याने १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला. आपला हापूस त्याच्याच नावावरून आला असं मानतात. आता तिथे नोबेल विजेते लेखक जुझे सारामागो यांचं प्रतिष्ठान आहे; समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा आहे. इथून सकाळच्या पायऱ्या पाच मिनिटांवर.

दुसरा दिवस: बेलेम

काइश दो सोद्रे स्टेशनातून लोकल धरा किंवा १५ नंबरची ट्राम. दहाच्या आत पोचा. बेलेममध्ये सावली कमी आहे, टोपी हवीच.

आधी जेरोनिमोस मठ. वास्को द गामा १४९७ मध्ये बेलेमहूनच निघाला आणि परत आल्यावर राजा मानुएलने हा मठ बांधायला काढला. पूर्वेच्या आणि आफ्रिकेच्या व्यापारावरच्या कराचा, मुख्यतः मसाल्याच्या पैशाचा. हे लक्षात ठेवून दगड बघा: पिळाचे दोर, गाठी, समुद्री वनस्पती, आणि जागोजागी कड्यांनी बनलेला एक गोल. तो खगोल-गोल मानुएलचं चिन्ह. वसईच्या बालेकिल्ल्याच्या दारावर राजचिन्हाच्या शेजारी तोच गोल कोरलेला आहे. लहानपणी तो आम्हाला चेंडू वाटायचा.

चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर, दुसऱ्या बाजूला कामोइंशची. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला आणि नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला आणले. कबरीवर जहाज कोरलं आहे. याच माणसाने १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज आतल्या बायकामुलांसकट जाळलं, हे त्या दगडावर लिहिलेलं नाही. तुम्हाला माहीत असू द्या. मग वर मान करा: इतक्या बारीक खांबांवर तोललेलं ते छत १७५५ च्या भूकंपातही पडलं नाही. त्या कारागिरांपुढे हात जोडावेसे वाटतात.

जवळच १८३७ पासून कस्टर्डच्या छोट्या वाट्या विकणारं दुकान आहे. रांग लांब दिसली तरी ती नेण्यासाठीची असते. आत मोठमोठ्या खोल्या आहेत, तिथे बसायला बहुधा लवकर जागा मिळते. वरून दालचिनी भुरभुरून गरम खा. त्यात अंडं असतं.

रस्त्याखालच्या भुयारी वाटेने नदीकाठी या. शोधयात्रांचं उंच स्मारक १९६० मधलं, म्हणजे गोवा हातून जाण्याच्या वर्षभर आधीचं. ते त्या राजवटीच्या मनाचंही स्मारक आहे. पुतळ्यांत फ्रान्सिस झेवियर आहे. समोरच्या फरशीवरच्या जगाच्या नकाशात आपला किनारा शोधा आणि पुढे व्हा.

काठाने वीस मिनिटं चाललात की बेलेमचा बुरूज. १५१४ नंतर पाच-सहा वर्षांत बांधलेला. आत जायला मिळो न मिळो, बाहेरून एक गोष्ट शोधाच: पश्चिमेकडच्या एका टेहळणी बुरुजाखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहाने तो गेंडा आल्बुकेर्कला दिला, आल्बुकेर्कने गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मे १५१५ ला तो इथे, हा बुरूज अर्धवट असताना, उतरला. युरोपने शेकडो वर्षांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. पोर्तुगीज त्याला 'गांदा' म्हणत. आपला शब्दच त्याच्यासोबत आला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळाला. पुढच्या वर्षी पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला तो जीव बुडून मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न पाहता, नुसत्या वर्णनावरून त्याचं चित्र काढलं. ओहोटीच्या वेळी वाळूवरून त्या कोपऱ्यापर्यंत जवळ जाता येतं, नाहीतर काठावरून कॅमेरा मोठा करून बघा.

परतताना काइश दो सोद्रेला उतरा आणि लगेच खोलीवर जाऊ नका. तिथूनच पलीकडच्या कासील्यासला लाँच सुटते, दहा मिनिटांचा प्रवास, तेच कार्ड चालतं. जाताना मागच्या बाजूला उभे राहा. किल्ला, से, अल्फामाची उतरती घरं आणि पिवळा चौक पाण्यावरून एका ओळीत दिसतात. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीची लाँच पकडा.